टोचन : दोर, साखळी की टो बार? कुंभार्ली घाटातला अनुभव आणि काही प्रश्न

घाटवाट

मंडळी, गेल्या रविवारी कुंभार्ली घाटात जे झालं ते आधी सांगतो, मग प्रश्न विचारतो.

कराडहून चिपळूणला निघालो होतो. पुढे मावसभावाची एसयूव्ही, मागे माझी छोटी पेट्रोल गाडी, साध्या मॅन्युअल गिअरची. हेळवाक सोडलं आणि इंजिन एकदम बंद पडलं. टायमिंग बेल्ट तुटला होता, हे नंतर कळलं. संध्याकाळचे सहा वाजलेले, पाऊस, मोबाइलची रेंज येऊन जाऊन. भाऊ म्हणाला, माझ्याकडे दोर आहे, टोचन करून हळूहळू खाली पोफळीपर्यंत उतरू, तिथून चिपळूण जवळ आहे. बायको आणि मुलगा त्याच्या गाडीत बसले, माझ्या गाडीत मी एकटा.

बोटाएवढ्या जाडीचा नायलॉनचा दोर होता. त्याच्या मागच्या हुकाला एक टोक आणि माझ्या बंपरखालच्या लोखंडी कडीला दुसरं, मध्ये साधारण चार मीटर. सपाटीवर सगळं छान चाललं. उतार सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर त्याने ब्रेक मारल्यावर दोर सैल पडला. मीही ब्रेक मारला. दोन-तीन वेळा पेडल नेहमीसारखं दबलं, त्यानंतर दगडावर पाय दिल्यासारखं झालं. दोन्ही पाय लावून उभा राहिलो तेव्हा कुठे गाडी जरा मंदावली. सैल दोर माझ्या पुढच्या चाकाखाली गेला. भावाला काही दिसत नव्हतं, त्याने वेग घेतला, हिसका बसला आणि दोर गाठीजवळ तुटून त्याचं टोक बॉनेटवर आपटलं. मी हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. पुढचा बंपर आणि एक दिवा गेला. दुसऱ्या बाजूला दरी होती.

आठ दिवस झाले, रात्री अजून ते पेडल पायाखाली जाणवतं. म्हणून विचारतो. दोराऐवजी लोखंडी टो बार घेऊन ठेवावा का? तो कुठल्याही गाडीला बसतो का? आणि आपल्याकडे कायद्याने एका गाडीने दुसरी ओढायला परवानगी तरी आहे का?

सडा_रत्नागिरी

सुखरूप आहात हे महत्त्वाचं. पण दोष दोराला देऊ नका. मी पंचवीस वर्षं दोराने गाड्या ओढतोय, आंबा घाट, गगनबावडा सगळीकडे. नियम एकच, दोर कधी सैल पडू द्यायचा नाही. ब्रेक मागच्याने मारायचा, पुढच्याने फक्त ओढायचं. मागचा ड्रायव्हर सतत हलका ब्रेक धरून राहिला की दोर ताठ राहतो. आणि गाठीवर सगळं असतं. आमच्याकडे होडीला बांधतात तसली गाठ मारली तर ती सरकत नाही आणि नंतर सुटतेही. सैरभैर चार गाठी मारल्या की तिथेच दोर तुटणार.

लोडसेल

सडाकाका, ‘ब्रेक मागच्याने मारायचा’ हे शंभर टक्के बरोबर. पण घाटवाट यांच्या गाडीत नेमका तोच गेला होता. बंद इंजिनाच्या गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो. बूस्टरमध्ये, म्हणजे पेडलामागच्या त्या व्हॅक्यूमच्या डब्यात, दोन-तीन वेळा पुरेल इतकाच साठा असतो. त्यानंतर ब्रेक ‘फेल’ होत नाही, पण तेवढीच गाडी थांबवायला कितीतरी पट जोर लावावा लागतो. सतत हलका ब्रेक धरायचा म्हणाल तर उतारभर दगडावर पाय देऊन बसायचं.

गाठीबद्दलही सहमत. दोराची जी ताकद छापलेली असते ती सरळ दोराची. गाठ मारली की तिचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा, तिथेच जातो. यांचा दोर गाठीजवळ तुटला त्यात नवल नाही.

आता हिसक्याचा हिशोब मांडतो, कारण बहुतेकांना वाटतं की गाडी ओढायला खूप जोर लागतो म्हणून दोर तुटतो. तसं नाही. १२०० किलोची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर सावकाश ओढायला फार तर १५-२० किलोचा जोर पुरतो. १५ मीटरला १ मीटर असा चढ असेल तर त्यात आणखी ८० किलो. म्हणजे सगळं मिळून शंभर किलो. तेवढं चांगली सुतळीसुद्धा पेलेल.

खरा घात वेगातल्या फरकाने होतो. समजा दोन्ही गाड्या १२०० किलोच्या आहेत, दोर सैल आहे, आणि ताठ होण्याच्या क्षणी दोघींच्या वेगात ताशी फक्त ५ किलोमीटरचा फरक आहे. दोर किंवा साखळी ५ सेंटीमीटरच ताणली जात असेल तर कमाल ओढ जाते जवळजवळ सव्वादोन ते अडीच टनांवर. तोच दोर अर्धा मीटर ताणला जात असेल तर ओढ अडीचशे किलोच्या आत राहते. फरक १० किलोमीटरचा झाला की हे आकडे दुप्पट होतात. म्हणून साखळी सगळ्यात वाईट. ती जाड दिसते, भरवसा वाटतो, पण ती ताणली जात नाही, सगळा हिसका हुकावर आणि चॅसिसवर येतो. नायलॉन ताणला जातो म्हणून हिसका पचवतो. पण ताणलेला नायलॉन तुटला तर साठवलेली सगळी ताकद घेऊन उलटा येतो. तुमच्या बॉनेटवर जे आपटलं ते हेच. टोकाला लोखंडी हूक असता तर काच फोडून आत आला असता.

टो बारमध्ये हा सैलपणाच नसतो. बार ओढतो आणि ढकलतोही. पुढच्याने ब्रेक मारला की मागची गाडी बारमधूनच रोखली जाते, आपटत नाही. माझं मत स्पष्ट आहे, घाटात दोर नको.

मुक्ता_श्टुटगार्ट

इकडे जर्मनीत ड्रायव्हिंग शिकताना हा भाग येतो. ओढणारी आणि ओढली जाणारी, दोन्ही गाड्यांचे हॅझार्ड दिवे लावायचे असतात. गाडी ऑटोबानवर, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गावर, बंद पडली असेल तर टोचन करून पुढच्याच एक्झिटने बाहेर पडायचं. ऑटोबानबाहेर बंद पडली असेल तर ओढत ऑटोबानवर आणायचीच नाही. आणि मोटरसायकल टोचन करायला सरळ बंदी आहे.

इथे कडक दांडा आणि दोर दोन्ही दुकानात मिळतात. दांडा तीन तुकड्यांत येतो, जोडला की साधारण पावणेदोन-दोन मीटर होतो. माझ्या गाडीत मी दांडाच ठेवते.

कलम_आणि_कायदा

घाटवाट यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स, १९८९’ मध्ये टोचनावर स्वतंत्र नियम होता आणि तो बऱ्यापैकी तपशिलात होता. बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत ओढून न्यायला परवानगी. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर ती गाडी चालवायचं लायसन्स असलेला माणूस हवाच. नाहीतर तिची पुढची, म्हणजे वळणारी चाकं क्रेनने किंवा तत्सम साधनाने रस्त्यापासून उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी खूण हवी. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत ‘ऑन टो’. आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नाही.

२०१७ मध्ये या रेग्युलेशन्सच्या जागी नवी ‘मोटर व्हेइकल्स (ड्रायव्हिंग) रेग्युलेशन्स’ आली. आज कोणी अडवलं तर ती लागू होतात, तेव्हा त्यातलं टोचनाचं कलम मोबाइलमध्ये जपून ठेवा. पण जुन्या नियमातली एकेक अट मला शहाणपणाची वाटते. चोवीसचा वेग घ्या. वर लोडसेल यांनी दाखवलंय की वेगातला फरकच मारतो.

सडा_रत्नागिरी

लोडसेल, हिशोब पटला. मी बहुतेक वेळा सपाटीवर किंवा चढावर ओढलंय हे खरं, आणि चढावर दोर आपोआप ताठ राहतो. पण एक सांगा, उतारावर ओढायचंच कशाला? गाडी आपोआप खाली येते. गिअरमध्ये टाकून, चावी चालू ठेवून सावकाश सोडायची. इंजिन फिरतं, तेच गाडीला धरून ठेवतं.

अण्णा_फिटर

सडाकाका, इंजिन धड असेल आणि फक्त पेट्रोल संपलं किंवा पंप गेला असेल, तर तुमचं म्हणणं चालेल. पेट्रोल इंजिन चाकांनी फिरवलं की थोडा व्हॅक्यूमही तयार होतो, ब्रेक मऊ राहतो. पण यांचा टायमिंग बेल्ट तुटला होता. तशा इंजिनाला गिअरमध्ये फिरवलं तर पिस्टन जाऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. बऱ्याच गाड्यांत हेड उतरवून सगळे व्हॉल्व्ह बदलावे लागतात. पाण्यात बुडून बंद पडलेल्या गाडीचंही तेच. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी का बंद पडली हे नक्की माहीत नसेल तर गिअर न्यूट्रलमध्येच.

साताऱ्याला गॅरेज आहे माझं, तीस वर्षं झाली. टोचन करून आणलेल्या गाड्या रोज बघतो, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

घाटवाट, तुम्ही लिहिलंय की बंपरखालच्या लोखंडी कडीला दोर बांधला. ती कडी बहुतेक टोचनाची नव्हे. कारखान्यातून गाडी ट्रेलरवर चढवतात तेव्हा खाली आवळून बांधायला अशा कड्या असतात. त्या खालच्या दिशेच्या ओढीसाठी. आडव्या हिसक्याने वाकतात, कधी पत्र्यासकट उपटून येतात. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत टोचनाचा हूक वेगळा, सुटा येतो. स्टेपनीजवळ जॅक आणि पान्याबरोबर ठेवलेला असतो. पुढच्या बंपरवर एक छोटं चौकोनी किंवा गोल झाकण असतं, ते उचकटलं की आत आटे दिसतात. त्यात हा हूक फिरवून बसवायचा. लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत आटे उलटे असतात. उजवीकडे फिरवून बसत नाही म्हणून लोक अर्धवट सोडतात आणि तोच हूक गोळीसारखा सुटतो. पूर्ण शेवटपर्यंत बसवायचा, शेवटचा पाव फेरा व्हील पान्याच्या दांड्याने.

दोर असो वा बार, टायरॉडला, सस्पेन्शनच्या आर्मला, अँटीरोल बारला, बंपरला बांधायचं नाही. महिन्याला एक तरी गाडी येते जिचा टायरॉड दोराने वाकवलेला असतो. मालक म्हणतो इंजिनचं काम करा, आणि आम्हाला आधी स्टिअरिंगचं करावं लागतं.

चावी फिरवून ऑनवर ठेवायची, नाहीतर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग लॉक पडेल. बटण स्टार्ट गाडीत बॅटरी पूर्ण उतरली असेल तर काही गाड्यांत लॉक सुटतच नाही, मग ओढायचा विचार सोडून द्यायचा. पॉवर स्टिअरिंग जड लागणार हे गृहीत धरा.

बारबद्दल. घ्या, नक्की घ्या. पण लोकल वेल्डरकडून पाइपाला दोन कड्या डकवून आणू नका. मी अशा कड्या तुटलेल्या पाहिल्यात. बार ओढतो तेव्हा कडीवर ताण, ब्रेक मारला की दाब, आणि वळणावर पिळ. साधं वेल्ड या तिन्हीत टिकत नाही.

नीता_नाशिक

अण्णा, माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, सीव्हीटी. ती बारने ओढली तर चालेल ना? न्यूट्रल तर असतंच.

अण्णा_फिटर

नाही ताई. पुढची चाकं जमिनीवर ठेवून नका ओढू. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं गिअरबॉक्सला आतून फिरवत राहतात आणि तेल मात्र पोचत नाही. सीव्हीटीचा बेल्ट आणि पुली अशा कोरड्या घासल्या की दुरुस्तीचा खर्च इंजिनाएवढा येतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती अंतर, किती वेग हे लिहिलेलं असेल, त्यापलीकडे जाऊ नका. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून न्या आणि हँडब्रेक सोडलाय ना ते बघा. फोर व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक. इलेक्ट्रिक गाडीची मोटर चाकांना कायम जोडलेली असते, ओढली की ती जनित्रासारखी वीज तयार करायला लागते.

एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणारी गाडी असेल, तर ती आतून मॅन्युअलच. पण बॅटरी गेली आणि गिअर अडकलेला राहिला तर न्यूट्रल पडत नाही. ते आधी तपासा.

पेठेतली_स्कूटर

पुण्यात रोज दिसतं. बंद पडलेल्या दुचाकीच्या फूटरेस्टला मागचा आपला पाय लावून ढकलत नेतो. रिक्षावालेही करतात. हे दोरापेक्षा सुरक्षित म्हणायचं का?

लोडसेल

दोरापेक्षा सुरक्षित हे खरं, कारण पाय कधीही काढून घेता येतो. दोर बांधलेली दुचाकी मात्र हँडलच्या बाजूने ओढली जाते आणि तोल गेला की सावरायला जागाच नाही. पण पाय लावून नेतानाही मागच्याचा एक पाय ब्रेकवरून उठलेला असतो, गुडघा दुसऱ्या गाडीत अडकलेला. गल्लीतून कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत ठीक. सिंहगड रस्त्यावर किंवा हायवेवर नको.

ऊसवाला_वाळवा

आमच्याकडे गळीत हंगामात रोज टोचन. दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरलेला ट्रॅक्टर शेताच्या बांधावर रुतला की दुसरा ट्रॅक्टर लावतो. त्यामुळे या धाग्यावर मला थोडं सांगायचं आहे.

एक, शब्दाबद्दल. ‘टोचन’ म्हणजे ‘टो-चेन’ असं आम्ही समजतो. इंग्रजीतली साखळी मराठीत येऊन क्रियाच झाली. आज दोर लावला तरी टोचनच म्हणतात.

दुसरं ट्रॅक्टरबद्दल, आणि हे जिवाचं आहे. ट्रॅक्टरने काहीही ओढायचं असेल तर ते खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढायच्या लोखंडी पट्टीलाच, मागच्या धुऱ्याच्या पातळीखाली. वरच्या टॉप लिंकला किंवा सीटखालच्या कुठल्याही उंच जागी दोर बांधला तर ओढ धुऱ्याच्या वर येते. रुतलेली गाडी हलली नाही की ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी अडतात, पुढचं तोंड वर उठतं आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरवर उलटा पडतो. दोन सेकंदांचा खेळ. क्लच दाबायला वेळ मिळत नाही. आमच्या शेजारच्या गावात एक तरुण पोरगा असाच गेला. घरचे लोक अजून त्या ट्रॅक्टरला हात लावत नाहीत. पावसाळ्यात तुमची कार शेतरस्त्यात रुतली आणि कोणी मदतीला ट्रॅक्टर आणला, तर तो दोर कुठे बांधतोय हे खाली वाकून बघा. त्याला राग आला तरी सांगा.

तिसरं, रुतलेली गाडी नुसती ओढू नका. चाकापुढचा चिखल फावड्याने काढा, शक्य असेल तर दगड किंवा उसाचं पाचट टाका. चिखल चाकाला आणि पोटाला धरून ठेवतो. पाच मिनिटं खोदलं तर निम्म्या ताकदीत गाडी निघते.

ट्रॉलीची पिन लावल्यावर तिच्या खालच्या भोकात कॉटर पिन हवीच. खड्ड्यात उडून पिन वर येते आणि ट्रॉली सुटते. तुमच्या टो बारलाही अशी पिन असेल तर तिला कुलूप-क्लिप आहे का ते पाहून घ्या.

दत्ता_ट्रकवाला

ट्रकचं थोडं वेगळं. एअर ब्रेकच्या गाडीत हवा संपली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, चाकं जाम. ओढणाऱ्या गाडीतून पाइपने हवा द्यावी लागते, नाहीतर ब्रेक चेंबरचा बोल्ट फिरवून स्प्रिंग हाताने मागे ओढावी लागते. लांब न्यायचं असेल तर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा, नाहीतर गिअरबॉक्स कोरडा फिरून जळतो. ट्रकला आम्ही बारच वापरतो, दोर नाही. भरलेला ट्रक दोरावर उतारात सोडण्याची माझी हिंमत नाही.

अटलांटावासी

अमेरिकेत मोठ्या मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या बससारख्या गाडीच्या मागे जीप रँग्लर जोडून नेताना दिसतात. चारही चाकं जमिनीवर, आत कोणी नाही. ए आकाराचा बार असतो, रुंद बाजू मागच्या गाडीच्या चॅसिसला दोन ठिकाणी बोल्ट केलेली आणि टोक पुढच्या गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर. दोन ठिकाणी धरलेला असल्याने बार वळला की मागच्या गाडीचं तोंड वळतं आणि पुढची चाकं कॅस्टरमुळे आपोआप त्या दिशेला फिरतात, हॉस्पिटलच्या ट्रॉलीच्या चाकांसारखी. रँग्लरचा ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स, न्यूट्रलला टाकता येतो म्हणून ती निवडतात. मागच्या गाडीत वेगळा ब्रेक दाबणारं यंत्रही बसवतात.

एका दांड्याच्या साध्या बारला हे जमत नाही. त्यात मागच्या गाडीला स्टिअरिंगवर माणूस लागतोच. तेव्हा व्हिडिओत ए फ्रेम पाहून साधा बार लावून मागची गाडी रिकामी सोडू नका.

जाता जाता, टो ट्रकचा जन्मही इकडचाच. टेनेसीतल्या चॅटनूगा गावचे अर्नेस्ट होम्स यांनी १९१६ मध्ये ओढ्यात पडलेली फोर्ड मॉडेल टी दोर, पुली आणि माणसांच्या जोरावर बाहेर काढली. त्यात इतका वेळ गेला की त्यांनी गाडीवरच क्रेन बसवायचं ठरवलं. त्या गावात टोइंगचं संग्रहालय आहे, अटलांटाहून दोन तासांवर. मी मुलांना घेऊन गेलो होतो. तिथे कामावर असताना गेलेल्या टोइंगवाल्यांची नावं कोरलेली भिंतही आहे. तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो.

मुक्ता_श्टुटगार्ट

आणखी एक. कॅराव्हॅन जोडायचा गोल टो बॉल असतो, युरोपात ५० मिलिमीटरचा. त्याला दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढायची नाही. तो बॉल संथ, सरळ ओझ्यासाठी असतो. हिसक्याने त्याची मान तुटते आणि मग तो तोफेचा गोळा होतो. ऑस्ट्रेलियात यामुळे माणसं मेली आहेत.

सडा_रत्नागिरी

सगळं वाचलं. माझ्या डिकीतला दोर तसाच राहील, चिखलातून काढायला तो लागतोच, तिथे बार कामाचा नाही. पण घाट उतरताना आता कोणाला दोराने ओढणार नाही. तुटून उलटा आलेला दोर मी पाहिला नाही हे माझं नशीब होतं, अक्कल नव्हे.

दोर वापरणाऱ्यांना एक सांगतो. दोराच्या मधोमध ओलं पोतं किंवा जाड चादर टाकायची. तुटला तर त्या वजनाने टोक खाली पडतं. आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दुपटीने लांब उभं करायचं.

कलम_आणि_कायदा

काका, पोत्यावर लाल फडकं शिवा, खूणही होईल. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदत क्रमांक आहे, तिथून टोइंगची गाडी मागवता येते. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर ते किती किलोमीटरपर्यंत फुकट नेतात हे पॉलिसीत आजच बघून ठेवा. घाटात रेंज नसताना ते कळत नाही.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. महिन्याने परत लिहितोय, कारण दरम्यान बरंच झालं.

अण्णा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. गाडी खाली वाकून पाहिली. ज्या कडीला दोर बांधला होता ती एका बाजूला वाकलीय आणि तिच्या मुळाशी पत्र्याला बारीक भेग आहे. दोर आधी तुटला नसता तर कडी गेली असती. बंपरवरचं चौकोनी झाकण माझ्याच गाडीवर होतं, सहा वर्षांत कधी उघडलं नव्हतं. पण डिकीत हूकच नव्हता. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा टूलकिट कोणी मोजलं होतं? चॅसिस नंबर देऊन हूक मागवला, आठ दिवसांनी आला. आटे उलटेच आहेत.

बार तीन तुकड्यांचा, क्लिपच्या पिना असलेला घेतला. त्यावर किती वजनाच्या गाडीपर्यंत चालेल ते कोरलेलं आहे, तेवढं पाहूनच घेतला. मागच्या रविवारी मी आणि भाऊ कराडजवळ एका मोकळ्या मैदानात गेलो. माझं इंजिन बंद करून ब्रेक पाच-सहा वेळा दाबून व्हॅक्यूम संपवला आणि मग त्याने ओढायला सुरुवात केली. आधी बायकोला तिथे बसवायचं ठरत होतं, पण मला ते पेडल पुन्हा स्वतःच्या पायाने अनुभवायचं होतं.

फरक पहिल्या दहा मीटरमध्ये कळला. त्याने ब्रेक मारला, मी मुद्दाम मारला नाही, आणि माझी गाडी त्याच्या मागे सरळ थांबली. हुकातून ‘टक्’ असा आवाज आला, तेवढाच. मग वळणं घेतली. तिथे एक गोष्ट शिकलो जी इथे कोणी लिहिली नव्हती. तीव्र वळणावर त्याने जोरात ब्रेक मारला तर माझी गाडी बारमधून त्याच्या मागच्या भागाला तिरकी ढकलते, त्याची शेपटी बाहेर जायला बघते. मैदानात ओल्या मातीवर हे स्पष्ट जाणवलं. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक नाही, आणि माझ्या जड पेडलावर मीही पाय ठेवायचा. वेग आम्ही वीसच्या वर नेला नाही.

खुणाही ठरवल्या. सुटायच्या आधी दोघांचे मोबाइल स्पीकरवर चालू. रेंज नसेल तर एक हॉर्न म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बंद गाडीचा हॉर्न वाजेल एवढी बॅटरी असली पाहिजे, म्हणून तेही आधी तपासायचं. पांढऱ्या फ्लेक्सच्या तुकड्यावर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहून घेतलंय, अक्षरं १०० मिलिमीटरची.

आता एकच अडचण. भावाच्या एसयूव्हीचा मागचा हूक डावीकडे आहे आणि माझा पुढचा उजवीकडे, त्यामुळे बार तिरका बसतो आणि माझी गाडी थोडी बाजूने चालते. अण्णा, एवढा तिरकेपणा चालेल का, की त्याच्या गाडीला मध्यभागी हिच बसवून घ्यावा लागेल?

अण्णा_फिटर

गॅरेजपर्यंतच्या अंतराला चालेल, वेग कमी ठेवा. पण हिच बसवायचा असेल तर चॅसिसच्या दोन्ही लांब बीमना बोल्ट होणारा घ्या, बंपरच्या पत्र्याला धरणारा नको. दोन्ही गाड्या घेऊन या एखाद्या शनिवारी, बार लावूनच मापं घेऊ. आणि ती भेग पडलेली कडी आलात की कापून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी घाईत तिला दोर बांधणार नाही.